गळ, काठी आणि फिरकी

इंग्लंडात वेस्टमिन्स्टर येथे विंकिन द वर्ड नावाच्या मुद्रकाने इ. स. १४९६ मध्ये शिकार, ससाणे आणि सरदार घराण्यांची कुलचिन्हे ह्या विषयांवरील एक ग्रंथ नव्याने छापला आणि त्यात गळाने मासे धरण्याच्या कलेवरील एक निबंध जोडून दिला. इंग्रजी भाषेत ह्या विषयावर छापला गेलेला हा पहिला निबंध होय. परंपरा त्याचे कर्तृत्व डेम ज्युलियाना बर्नर्स ह्या मठवासिनीला देते. पुरावा मात्र दुबळा आहे. निबंधाच्या अखेरीस एक चमत्कारिक खुलासा आढळतो. हा मजकूर लहानशा सुट्या पुस्तिकेच्या रूपाने न छापता मोठ्या व महाग ग्रंथात का घातला, ह्याचे कारण तेथे सांगितले आहे. पुस्तिका स्वतंत्र निघाली असती, तर ती वाटेल त्या रिकामटेकड्याच्या हाती पडली असती, आणि अशा लोकांनी मिळून नद्यांतील मासा पार नाहीसा करून टाकला असता! ग्रंथ महाग म्हणून वाचक थोडे, आणि वाचक थोडे म्हणून मासे सुखरूप, असा हा सरळ हिशेब होता.

ह्या हिशेबात दोन गोष्टी गृहीत धरलेल्या आहेत. गळाचा छंद हा सुस्थितीतील गृहस्थांचा, ही एक. आणि तो सर्वांच्या आवाक्यात आला की नद्या ओस पडणार, ही दुसरी. पुढील साडेचारशे वर्षांत ह्या छंदाची साधने उत्तरोत्तर स्वस्त होत गेली. काठी आणि फिरकी ही जोडी आज परदेशांतील कोणत्याही बाजारात सामान्य माणसाला परवडेल अशा किमतीला मिळते. ती तशी करून देणाऱ्यांची नावे पाहू गेले असता नवल वाटते. त्यांत बंदुका करणारे आहेत, घड्याळजी आहेत, लोकरीच्या गिरणीचा मालक आहे, रसायनशास्त्रज्ञ आहेत. फार काय, सुरुंगांचे बॉम्ब तयार करणारी एक कंपनीही आहे.

गंमत अशी की, ज्या निबंधाला स्वस्ताईची एवढी धास्ती, त्यातील साधनांना खर्च जवळजवळ काहीच नाही. काठी विकत घ्यावयाची नसून घरी करावयाची असते. हिवाळ्यात हेझल किंवा विलो झाडाची सुमारे नऊ फूट लांबीची, दंडाएवढी जाड फांदी तोडावी, भट्टीत ऊन करून सरळ करावी, चार आठवडे वाळत ठेवावी आणि मग तापलेल्या सळईने आतून पोकळ करावी. शेंड्याचे बारीक, लवचिक तुकडे ह्या पोकळीत लपवून ठेवता येतात. टोकांना लोखंडी कडी बसवली की चालताना टेकावयाची काठी तयार! ती घेऊन निघालेला माणूस कोणत्या कामाला चालला आहे हे कोणालाही उमगणार नाही, असेही निबंधकार मोठ्या समाधानाने नमूद करतो. दोरी पांढऱ्या घोड्याच्या शेपटीच्या केसांची, आणि तीही पाण्याच्या रंगानुसार रंगवलेली. गळ शिवणाच्या सुयांचा. सुई निखाऱ्यात लाल करावी, गार होऊ द्यावी, चाकूने तिचा काटा उचलावा, ती वाकवावी आणि पुन्हा तापवून पाण्यात बुडवून कठीण करावी. ह्या सगळ्याला जे लागते ते द्रव्य नव्हे, फुरसत.

ह्या काठीला फिरकी नव्हती, हे विशेष लक्षात ठेवले पाहिजे. दोरी शेंड्यालाच बांधलेली असे. म्हणून काठीची लांबी अधिक दोरीची लांबी एवढीच तिची पोच. कोकणात खाडीच्या काठी गरवायला बसलेल्या मुलाची बांबूची काठी आणि तिच्या टोकाला बांधलेली गरी ही ह्याच कुळातली होय. लहान मासा तीवर खुशाल येतो. मोठा लागला की गरी तरी जाते, नाही तर दोरी तरी. इझाक वॉल्टन हा लंडनमधील कापडाचा व्यापारी. त्याचा गळाच्या छंदावरील ग्रंथ १६५३ मध्ये प्रसिद्ध झाला आणि पुढे तो पुष्कळदा छापला गेला. परंतु मोठा मासा धावू लागला असता काय करावे, ह्या प्रश्नावर ह्या थोर गुरूपाशीही एक हताश तोड होती. काठीच पाण्यात सोडून द्यावी, माशाला ती ओढत हिंडू द्यावे, आणि तो थकला की गाठावे! तोड नामी खरी. पण नदीकाठी एकट्या उभ्या असलेल्या माणसाला ती फारशी दिलासा देणारी नव्हे.

ही कला एकट्या इंग्रजांचीच आहे असे मात्र कोणी समजू नये. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर ह्याने १२ व्या शतकाच्या पूर्वार्धात रचलेल्या ‘मानसोल्लास’ ह्या संस्कृत ग्रंथात ‘मत्स्यविनोद’ नावाचे एक प्रकरणच आहे. मराठीतील अगदी प्राचीन गीतपंक्ती जपून ठेवणारा ग्रंथ म्हणून तो महाराष्ट्रातील अभ्यासकांना परिचित आहे. समुद्रातील व नद्यांतील मासे कोणते, कोणाला काय चारावे, गळाने त्यांना कसे धरावे, ह्याचे विवेचन राजाने त्यात केले आहे. विख्यात मत्स्यशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा ह्यांनी १९५१ मध्ये त्याकडे विद्वानांचे लक्ष वेधले. इंग्लंडातील निबंधाच्या साडेतीनशे वर्षे आधीचे हे लिखाण. मात्र तेथेही हा विनोद राजाचा आहे. पोटासाठी मासे धरणाऱ्याचे जाळे निराळे आणि करमणुकीसाठी धरणाऱ्याचा गळ निराळा, ही विभागणी दख्खनमध्येही तेव्हा पक्की झालेली दिसते.

फिरकीचे मूळही युरोपात नाही. चीनमधील सुंग काळातला चित्रकार मा युआन ह्याने ११९५ च्या सुमारास एक चित्र काढले. चहूकडे नुसते पाणी, त्यात एक लहानशी होडी आणि होडीत वाकून बसलेला एकटा गळकरी. त्याच्या काठीला बुंध्याजवळ एक चाक स्पष्ट दिसते. हे चित्र आज टोकियो येथील राष्ट्रीय संग्रहालयात आहे. इंग्रजी ग्रंथांत अशा चाकाचा उल्लेख प्रथम येतो तो १६५१ मध्ये, टॉमस बार्कर ह्याच्या पुस्तकात; म्हणजे साडेचारशे वर्षांनी. वॉल्टननेही पुढील आवृत्तीत त्याची दखल घेतली, पण सामन माशाच्या मागे लागणारे लोक असले चाक वापरतात, अशा परभाऱ्या सुरात.

फिरकी म्हणजे काय हे पतंग उडवणाऱ्याला समजावून सांगावयास नको. मांजा सोडण्यास आणि गुंडाळण्यास जे साधन लागते तेच येथे काठीला जखडलेले असते. दोरी शेंड्याला न बांधता काठीवरील कड्यांतून ओवून फिरकीवर घेतली की मासा पन्नास हात धावला तरी चिंता नाही. दोरी सुटत जाते, आणि तो दमला की ओढून घेता येते. ह्या एका सोयीने मोठ्या माशाची भीती गेली. परंतु त्याच क्षणी ह्या छंदात पैसा शिरला, हेही खरे. काठी कोणालाही घरी करता येई. पितळेचे दाते, आस आणि मूठ असलेले यंत्र घरी करता येत नाही. त्याला कारागीर हवा.

हा कारागीर बहुधा घड्याळजी असे. अमेरिकेतील केंटकी संस्थानात पॅरिस नावाचे एक गाव आहे. तेथील जॉर्ज स्नायडर ह्या घड्याळजीने १९ व्या शतकाच्या आरंभी अशी फिरकी बनवली की, मुठीचा एक फेरा झाला असता रिळाचे अनेक फेरे व्हावेत. पुढे त्याच भागातील फ्रँकफर्ट गावच्या मीक बंधूंनी, हेही घड्याळांचेच कारागीर, ती इतकी नाजूक व निर्दोष केली की केंटकीची फिरकी हे नाव दूरवर पसरले. पण एकेक नग हाताने घडवलेला, दाते हाताने कापलेले. त्याची किंमत घड्याळाइतकीच राहणार. शिवाय विकत घेतल्यावरही काम संपत नसे. दोरी फेकताना रीळ गरगर फिरते, आणि आमिष पाण्यावर पडून दोरीचा वेग मंदावला तरी रीळ आपल्या वेगाने फिरतच राहते. क्षणार्धात त्यावर असा गुंता होतो की तो सोडवण्यात सायंकाळ निघून जावी. अंगठ्याने रीळ नेमके दाबून हे टाळावयाचे असते, आणि अंगठ्याला हे वळण लागण्यास एक-दोन हंगाम घालवावे लागत. ज्याला आठवड्यातून एक सुटी, त्याने अंगठ्याला शिक्षण केव्हा द्यावे?

काठीचीही तीच कथा. गळ मात्र सर्वांत आधी स्वस्त झाला. कारण वुस्टरशायरमधील रेडिच हे सुयांचे गावच गळांचेही गाव बनले आणि सुईच्या तारेतून यंत्रावर गळांच्या राशी पडू लागल्या. काठी अशी यंत्रावर पडत नाही. ब्रिटिश गियानातून येणाऱ्या ग्रीनहार्ट लाकडाच्या काठ्या बळकट होत्या, पण जड. मग बांबूकडे लक्ष गेले. बांबूचे बळ त्याच्या बाहेरील सालीलगतच्या धाग्यांत असते. आतला गर पोकळ व निर्बल. तेव्हा बांबूच्या चिरफळ्या कराव्यात, प्रत्येकीला त्रिकोणी आकार द्यावा आणि साल बाहेर राहील अशा रीतीने सहा चिरफळ्या सरसाने एकत्र चिकटवाव्यात, म्हणजे भरीव, हलकी आणि चिवट काठी तयार होते. ही सहा पट्ट्यांची काठी १८४५ च्या सुमारास सॅम्युएल फिलिपी ह्याने पेन्सिल्व्हेनियातील ईस्टन गावी करून दाखवली. हा मनुष्य धंद्याने बंदुका करणारा आणि फावल्या वेळी सारंग्या घडवणारा होता, हे कळल्यावर त्या काठीच्या सांध्यांचे रहस्य थोडे उलगडते.

हा बांबू कोठला? आरंभी तो हिंदुस्थानातून जाई. कलकत्त्याच्या बंदरातून निघणारा म्हणून विलायतेत व अमेरिकेत त्याला ‘कलकत्ता केन’ म्हणत. त्यावर पुष्कळदा भाजल्याचे काळे डाग असत, आणि कारागिराला ते टाळून पट्ट्या काढाव्या लागत. विसाव्या शतकाच्या आरंभी त्याची जागा चीनमधील बांबूने घेतली. त्याला ‘टोंकिन’ असे नाव पडले, वस्तुतः टोंकिन प्रांताशी त्याचा संबंध नसताना. तो येतो क्वांगतुंग प्रांताच्या सीमेवरील एका लहानशा नदीखोऱ्यातून. तेथे अध्यापन करणाऱ्या फ्लॉइड मॅक्‌ल्यूर ह्या अमेरिकन वनस्पतिशास्त्रज्ञाने १९३१ मध्ये त्याला शास्त्रीय नाव दिले. त्यात योजलेल्या लॅटिन शब्दाचा अर्थ ‘प्रेम करण्याजोगा’. रुक्ष शास्त्रातही कधीकधी असा ओलावा आढळतो.

अशा काठीचा एकेक तुकडा रंध्याने तासण्यात तास न् तास जात. मेन संस्थानातील हायरम लेनर्ड ह्याने पट्ट्यांना अचूक कोन देणारे यंत्र तयार केले. पण ते त्याने कोणास पाहू दिले नाही. इंग्लंडात अॅल्निक येथील हार्डी बंधूंचा कारखाना १८७२ मध्ये निघाला. त्यांच्या काठ्या व फिरक्या साम्राज्यभर जात. हिंदुस्थानातील इंग्रज अधिकाऱ्यांत महसीर माशाचे वेड पसरले होते. मद्रासकडील मुलकी अधिकारी हेन्री सलिव्हन टॉमस ह्यांचे हिंदुस्थानातील गळाच्या छंदावरील पुस्तक १८७३ मध्ये प्रसिद्ध झाले, ते ह्या वर्गाचे गुरुचरित्रच बनले. येथील बांबू बोटीने विलायतेस जावा, तेथे चिरून, चिकटवून, रेशमाने गुंडाळून त्याची काठी व्हावी, आणि ती पुन्हा बोटीने येथे येऊन कावेरीच्या किंवा गंगेच्या काठी साहेबाच्या हातात दिसावी, हा प्रवास कापसाच्या प्रवासाहून फार निराळा नव्हता. फरक एवढाच की, ह्या काठीचे गिऱ्हाईक येथील रयत कधीच नव्हती. तिची काठी पूर्वीचीच होती, नदीकाठच्या बेटातून तोडलेली.

यंत्रयुगाने काही प्रयत्न केले. कनेक्टिकटमधील एव्हरेट हॉर्टन ह्याने १८८७ मध्ये दुर्बिणीसारखी एकात एक जाणारी पोलादी काठी पेटंट केली. मिशिगनमधील विल्यम शेक्सपियर ह्या गृहस्थाने, नाटककाराशी नावापलीकडे ह्यांचा काही संबंध नाही, १८९७ मध्ये दोरी रिळावर आपोआप सारखी पसरवणारी युक्ती फिरकीत बसवली. अमेरिकेतील मोठे कारखाने यंत्रावर बांबूच्या काठ्या पाडू लागले, आणि त्या बऱ्याच स्वस्त झाल्या. परंतु स्वस्त काठीचा सरस पाण्याने सुटे, स्वस्त फिरकीचे दाते झिजत, आणि मुख्य म्हणजे अंगठ्याचे शिक्षण टळत नसे. काठी एका दुकानातून आणि फिरकी दुसऱ्या दुकानातून घेणाऱ्या नवशिक्याच्या पदरी जी जोडी पडे, तिच्यात मेळ नसे. ताठ काठीला हलकी दोरी, नाही तर मऊ काठीला जड फिरकी. कोणती काठी कोणत्या फिरकीशी नांदेल हे ज्ञान जाणत्यांच्या मंडळीत तोंडी फिरे, आणि मंडळीत प्रवेश वर्गणीशिवाय नसे.

हे कोडे सुटले ते यॉर्कशायरमधील ब्रॅडफर्ड ह्या लोकरीच्या गिरण्यांच्या शहरात. आल्फ्रेड होल्डन इलिंगवर्थ हा तेथील गिरणी व्यवसायातील गृहस्थ. हातमागाचा धोटा ज्याने पाहिला असेल त्याला धोट्यातील कांडीही आठवेल. धोटा इकडून तिकडे धावतो, सूत भराभर सुटते, पण कांडी स्वतः फिरत नाही. सूत तिच्या टोकावरून वेटोळ्या-वेटोळ्यांनी निसटते. सुटे सुटे म्हणेपर्यंत ओढ थांबली, की सूतही थांबते. कारण फिरत राहावयास काही उरतच नाही. इलिंगवर्थने हेच तत्त्व फिरकीला लावले आणि १९०५ मध्ये पेटंट घेतले. रीळ काठीला समांतर आणि निश्चल. दोरी त्याच्या कडेवरून सुटावयाची. परत गुंडाळताना मात्र रिळाभोवती फिरणारे एक बोट ती त्यावर लपेटते. तत्पूर्वी स्कॉटलंडमधील पर्थचे पीटर मॅलक ह्यांनी १८८४ मध्ये रीळ फेकताना आडवे वळवावे आणि गुंडाळताना पुन्हा उभे करावे अशी योजना केली होती. पण त्या वळवावळवीत दोरीला पीळ पडे. इलिंगवर्थच्या फिरकीत रीळ वळवावयासच नको होते.

ह्या शोधाचे महत्त्व किमतीत मोजून कळावयाचे नाही. इलिंगवर्थची पहिली फिरकी स्वस्त नव्हती. परंतु अंगठ्याचे शिक्षण तिने एकदम अनावश्यक करून टाकले. दोन हंगामांत साधावयाची फेक एका सकाळीत साधू लागली. ज्याच्यापाशी वेळ नाही त्याच्या दृष्टीने ही स्वस्ताई पैशाच्या स्वस्ताईहून मोठी होती. आणि जुन्या मंडळींना खटकली तीही नेमकी हीच गोष्ट. पैसे खर्च करून जे मिळते त्याचा त्यांना एवढा अभिमान नव्हता. वर्षे खर्च करून मिळवलेली अंगठ्याची विद्या एका गिरणीवाल्याने कवडीमोल केली, हे त्यांना सोसले नाही. ह्या तक्रारीत थोडा मत्सर असला तरी सगळाच मत्सर नव्हता. हाताने कमावलेली कोणतीही विद्या लोप पावताना असेच दुःख होते, आणि यंत्रमागापुढे बसलेल्या साळ्याला ते कोणी शिकवावयास नको.

पेटंटाची मुदत सरल्यावर हार्डींनीही १९३२ मध्ये आपली अशी फिरकी काढली. फ्रान्समध्ये आल्प्सच्या पायथ्याशी क्लूझ नावाचे घड्याळजींचे गाव आहे. तेथील कार्पानो व पोन्स ह्या कारखान्याची ‘मिचेल’ फिरकी दुसऱ्या महायुद्धानंतर जगभर गेली. स्वीडनमधील ‘आबू’ ही कंपनीदेखील १९२१ मध्ये घड्याळांचा कारखाना म्हणूनच स्थापन झाली. ती टॅक्सीचे मीटर करी. महायुद्ध आले, टॅक्सीमीटरांना गिऱ्हाईक राहिले नाही, तेव्हा ती फिरक्यांकडे वळली. दात्याला दाता जुळवणे हे ज्याचे नित्याचे काम, त्याला फिरकी अवघड नव्हती.

मात्र एक अडचण राहिली होती, ती दोरीची. निश्चल रिळावरून सुटावयाची तर दोरी बारीक, गुळगुळीत आणि न भिजणारी हवी. घोड्याचा केस आखूड. गाठी मारीत जावे लागे. रेशमी दोरी दर वेळी उन्हात वाळवावी लागे, नाही तर ती कुजे. गळाजवळचा पारदर्शक तुकडा स्पेनमधील मर्सिया प्रांतातून येई, आणि त्याची कृती ऐकून अंगावर काटा येतो. रेशमाचा किडा कोश विणण्याच्या बेतात आला की त्याला शिर्क्यात बुडवून मारीत, त्याच्या पोटातील रेशमाची पिशवी काढीत आणि ती दोन्ही हातांनी ताणून तिची तार करीत. अशा एकेका तारेची लांबी ती केवढी असणार! ड्युपाँ कंपनीत वॉलेस करोदर्स ह्यांनी १९३५ मध्ये नायलॉन तयार केले. १९३८ मध्ये ते जगापुढे आले ते दात घासण्याच्या ब्रशांच्या केसांच्या रूपाने. लवकरच त्याची गळाची दोरीही झाली. आरंभी ती तारेसारखी ताठ असे. १९५० नंतरच्या दशकात ती मऊ झाली. मैलोगणती लांब, न कुजणारी आणि अत्यंत स्वस्त अशी दोरी मिळाल्यावर इलिंगवर्थच्या शोधाला खरी गती आली. तिचा दोष हाच की ती कुजत नाही. पाण्यात तुटून राहिलेली दोरी वर्षानुवर्षे तेथेच पडून पक्ष्यांच्या पायांत गुंतते. रेशमाने असे कधी केले नव्हते.

राहिली काठी. महायुद्धात चीनचा बांबू मिळेनासा झाला. ओहायोमधील आर्थर होवल्ड हे रसायनशास्त्रज्ञ १९४४ च्या सुमारास सुटीवर असता त्यांच्या बांबूच्या काठीचा शेंडा मोडला. नवा मिळण्याची आशा नव्हती. त्यांच्या कारखान्यात काचेचे तंतू आणि कृत्रिम राळ ह्यांवर प्रयोग चालले होतेच. त्यांनी काचेच्या तंतूंचाच शेंडा करून पाहिला. पूर्वी उल्लेखिलेल्या शेक्सपियर कंपनीने ही कृती उचलली आणि १९४७ च्या सुमारास काचतंतूंच्या काठ्या बाजारात आणल्या. पुढे कोरियन युद्ध पेटले आणि १९५० च्या डिसेंबरात अमेरिकेने चीनशी व्यापार बंद केला. क्वांगतुंगमधल्या त्या नदीखोऱ्यातला ‘प्रेम करण्याजोगा’ बांबू वीस वर्षे अमेरिकेस गेला नाही. एवढ्या अवधीत यंत्रावरील बांबूच्या काठ्यांचा धंदा संपला. चिरफळ्यांची काठी उरली ती थोड्या हौशी कारागिरांच्या हाती, आणि पूर्वीहूनही महाग.

ह्या सर्व धाग्यांची गाठ बसली ती ओक्लाहोमातील टल्सा शहरी, अगदी अनपेक्षित जागी. ‘झीरो अवर बॉम्ब कंपनी’ हे तेथील कारखान्याचे नाव. तेलविहिरींच्या तळाशी ठरल्या वेळी उडणारे सुरुंग हा तिचा माल. तिचे पेटंट संपत आले होते आणि ती नव्या मालाच्या शोधात होती. १९४७ मध्ये टेक्ससमधील आर. डी. हल नावाचा घड्याळजी तिच्याकडे एक ओबडधोबड नमुना घेऊन आला. वाण्याच्या दुकानात पुडा बांधताना नोकर मोठ्या रिळावरून सुतळी ओढतो, रीळ हलत नाही आणि सुतळी मात्र सुरळीत येते, हे पाहून त्याला ती कल्पना सुचली, असे सांगतात. ब्रॅडफर्डच्या गिरणीत जे दिसले तेच टेक्ससच्या दुकानात दिसले! हलने त्यावर झाकण घातले आणि अंगठ्यापाशी एक कळ ठेवली. कळ दाबावी, काठी झोकावी, कळ सोडावी. १९४९ मध्ये ही फिरकी विक्रीस निघाली. पुढे १९५६ मध्ये कंपनीने आपल्या नावातून बॉम्ब काढून टाकला आणि आद्याक्षरांवरून ‘झेबको’ हे नाव घेतले. राष्ट्राध्यक्ष आयसेनहॉवर ह्यांस भेट म्हणून धाडलेल्या फिरकीच्या पेटीवरील जुने नाव वाचून पहारेकऱ्यांनी ती पाण्याच्या बादलीत बुडवली, अशी एक आख्यायिका आहे. ती खरी नसली तरी शोभते.

काचतंतूंची काठी, झाकणाची फिरकी, तीवर आधीच गुंडाळलेली नायलॉनची दोरी, अशी जुळवलेली जोडी एकाच वेष्टनात मिळू लागली, तेव्हा जाणत्यांच्या मंडळीतील तोंडी विद्या जणू कारखान्यानेच त्या वेष्टनात बांधून दिली. पुढची पावले भराभर पडली. सायकलींचे दाते करणारी जपानमधील ‘शिमानो’ कंपनी १९७० मध्ये फिरक्यांकडे वळली. इंग्लंडात फार्नबरो येथील विमानसंशोधन संस्थेत सिद्ध झालेले कार्बनचे तंतू १९७३ च्या सुमारास काठ्यांत आले. आज चीनमधील शांतुंग प्रांतातील वेइहाइ हे बंदर काठ्यांच्या कारखान्यांसाठी विख्यात आहे. मा युआनच्या देशाकडे हा धंदा अशा रीतीने परत गेला.

आजच्या स्वस्त जोडीची निवड करताना हा इतिहास उपयोगी पडतो. पूर्वी पैसा काठीत घालावा लागे, कारण वाईट बांबू सुधारत नसे. आता साधी काचतंतूंची काठीदेखील दणकट असते आणि स्वस्ताईचा फटका बसतो तो फिरकीला. म्हणून पाहावयाचे ते तेथे. मासा ओढू लागला असता दोरी घसरू देणारा जो रोध फिरकीत असतो, तो हाताने दोरी ओढून पाहावा. ती सारखी सुटली पाहिजे, हिसके देत नव्हे. हिसक्यानेच दोरी तुटते. वेष्टनावर छर्‍यांच्या बेअरिंगांची संख्या मोठ्या अक्षरांत छापलेली असते, तिला भुलू नये. दहा वाईट बेअरिंगांहून तीन चांगली बरी. काठीवर किती वजनाची दोरी व किती वजनाचे आमिष तिला झेपेल ते लिहिलेले असते, आणि फिरकीवरील दोरी त्या मर्यादेत आहे की नाही एवढे पाहणे पुरे. कड्यांतून कापसाचा बोळा फिरवावा. कोठे तंतू अडकले तर तेथे चीर आहे आणि ती दोरी कापणार. इतके पाहून घेतलेली सहा-सात फुटांची साधी जोडी पुष्कळ वर्षे चालते. तिच्याहून दसपट किमतीच्या जोडीने दसपट मासे येतात असा कोणाचाही अनुभव नाही.

आता प्रश्न उरतो तो १४९६ मधील त्या भीतीचा. रिकामटेकड्यांच्या हाती साधने आली. मग नद्या ओस पडल्या काय? काही पडल्या, पण त्या गळापेक्षा धरणांनी आणि कारखान्यांच्या सांडपाण्याने. तथापि लाखो लोक काठावर उभे राहिले की माशांवर ताण येणार, हे नाकारता येत नाही. ज्या १९५० मध्ये चिनी बांबू बंद झाला त्याच वर्षी अमेरिकेच्या काँग्रेसने ह्यावर एक कायदा केला. मिशिगनचे प्रतिनिधी जॉन डिंगेल आणि कोलोराडोचे सिनेटर एड्विन जॉन्सन ह्यांच्या नावांनी तो ओळखला जातो. काठी, फिरकी, कृत्रिम आमिष ह्यांवर कारखान्याच्या किमतीच्या शेकडा दहा कर बसवावयाचा, आणि तो पैसा माशांची पैदास, तलावांची डागडुजी व मत्स्यसंशोधन ह्यांसाठी संस्थानांना वाटावयाचा. गळाच्या परवान्यांचे उत्पन्न दुसरीकडे वळवणार नाही असा कायदा ज्या संस्थानाने केला असेल, त्यालाच वाटा मिळतो. वेस्टमिन्स्टरच्या मुद्रकाने गरिबाला पुस्तक महाग करून मासा राखू पाहिला. येथे गरिबाने स्वस्त काठी घ्यावी आणि तिच्या किमतीतच मासा राखावा, अशी तजवीज झाली. हा कायदा आजही चालू आहे. २००५ पासून त्यात एक लहानशी दुरुस्ती झाली आहे. एका काठीवर दहा डॉलरांहून अधिक कर घ्यावयाचा नाही. त्यामुळे हजार डॉलरांची कार्बनची काठी घेणारा धनिक दहाच डॉलर देतो, आणि तीस डॉलरांची काठी घेणारा आपले तीन डॉलर पुरेपूर भरतो.